घास गिळल्यानंतरचा संशय



मागच्या काही व्याख्यानांत आपण प्रमाण म्हणजे काय, ज्ञान आणि नुसतं मत यांत फरक कोणता, असे जरा जड प्रश्न घेतले. आज तीच चर्चा स्वयंपाकघरात नेऊ. प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. चिकन खाऊन होत आलं, शेवटचा तुकडा तोडला आणि हाडाजवळ गुलाबी दिसलं. आधीचे चार तुकडे तर पोटात गेलेले. मग रात्रभर मोबाईलवर शोधाशोध: ‘आता मला काही होईल का?’

या काळजीत तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. खरोखर काय घडलं? त्यातून काय घडू शकतं? आणि आता काय करायचं? ते सुटे केले की निम्मी भीती जागेवर येते. उरलेल्या निम्म्या भीतीला काम देता येतं.

पहिला प्रश्न घेऊ. आपल्या मनातलं अनुमान असं असतं: हा तुकडा कच्चा आहे, कारण तो गुलाबी आहे. नैयायिकांचं नेहमीचं उदाहरण आठवा. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे. हे चालतं, कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, ही व्याप्ती पक्की आहे. तशी व्याप्ती गुलाबी रंग आणि कच्चेपणा यांच्यात आहे का? नाही. ब्रॉयलर कोंबडी कोवळ्या वयात कापली जाते, तिची हाडं पुरती घट्ट झालेली नसतात. त्यामुळे हाडातल्या मगजाचा रंग शेजारच्या मांसात उतरतो आणि पूर्ण शिजलेला तुकडाही लालसर दिसतो. धुरावर भाजलेलं मांसही गुलाबी राहू शकतं. उलट बाजूही तितकीच खरी आहे. खिमा पुरेसा तापण्याआधीच तपकिरी होऊ शकतो. जो हेतू साध्य असताना दिसतो आणि नसतानाही दिसतो, त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचार म्हणतात. रंग हा असा सव्यभिचार हेतू आहे. त्याने संशय येतो, निर्णय होत नाही.

निर्णय करणारं प्रमाण म्हणजे तापमान. अमेरिकेच्या कृषी खात्याचे आकडे जगभर वापरले जातात. कोंबडीच्या मांसाचा आतला भाग ७४ अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे. मटण, बीफ, पोर्क यांचा खिमा असेल तर ७१ अंश. त्यांचा अखंड तुकडा असेल तर ६३ अंश, आणि त्यानंतर तीन मिनिटं तसाच ठेवायचा. आपल्याकडचा रस्सा बराच वेळ रटरट उकळतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न सहसा येत नाही. तो येतो तंदुरीत, कबाबात, जाड तुकडे घाईने तळताना. बाहेरून करपलेलं, आतून कोमट.

खिम्याला अखंड तुकड्यापेक्षा जास्त उष्णता का लागते, हेही पाहू. अखंड तुकड्यावर जंतू बहुतेक पृष्ठभागावर असतात आणि आच तिथेच आधी लागते. खिमा करताना पृष्ठभाग आत मिसळला जातो. १९९३ साली अमेरिकेत एका हॅम्बर्गर साखळीच्या अर्धवट शिजलेल्या पॅटीमधून ई. कोलाय जंतूची साथ पसरली. सातशेहून अधिक माणसं आजारी पडली आणि चार मुलं दगावली. म्हणून ‘काही होत नाही हो, आम्ही किती वेळा खाल्लंय’ हेही प्रमाण नव्हे.

आता दुसरा प्रश्न: काय घडू शकतं? इथे मन मोठी उडी मारतं. गुलाबी तुकड्यावरून थेट दवाखान्यातल्या खाटेवर. मधल्या पायऱ्या मोजून पाहा. तुकडा खरोखर कच्चा असला तर; त्यात रोगजंतू असले तर; ते पुरेशा संख्येने असले तर; जठरातल्या आम्लातून वाचले तर. एवढं झालं तरी पुढे येतं ते बहुतेकदा काही दिवसांचं पोट बिघडणं, जे निरोगी माणसात आपलं आपण बरं होतं. प्रत्येक पायरीवर एक ‘तर’ आहे. धोका शून्य नाही, पण भीतीने फुगवला तेवढाही नाही.

मात्र खाणारा कोण आहे, यावर हे गणित बदलतं. गर्भवती स्त्री, पाच वर्षांखालचं मूल, पासष्टीपुढचे आमच्यासारखे लोक, केमोथेरपी चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले: यांच्यासाठी तोच तुकडा जास्त धोक्याचा. गर्भवतीच्या बाबतीत काही जंतूंची लक्षणं उशिरा येतात किंवा अगदी सौम्य असतात, म्हणून तिने लक्षणांची वाट न पाहता आपल्या डॉक्टरांना कळवावं.

एक चुकीची व्याप्ती इथे मोडून टाकू. ‘डुकराचं कच्चं मांस खाल्लं की मेंदूत किडे होतात’, असं सर्रास म्हटलं जातं. कच्च्या पोर्कमधल्या अळीमुळे आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतल्या गाठी होतात त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांनी, दूषित पाण्याने, न धुतलेल्या कच्च्या भाजीने. म्हणून हा आजार शुद्ध शाकाहारी माणसालाही होतो.

तिसरा प्रश्न: आता करायचं काय? आधी काय करू नये ते सांगतो. बोटं घालून उलटी काढू नये. कपाटातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नयेत. ताप किंवा शौचात रक्त असताना जुलाब थांबवायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. भांड्यातलं उरलेलं चिकन नुकतंच उतरवलेलं असेल तर पुन्हा नीट शिजवावं. दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहिलं असेल तर टाकून द्यावं, आणि आपल्या उन्हाळ्यात तर तासाभरातच. काही जंतूंनी तयार केलेलं विष पुन्हा उकळूनही जात नाही.

मग लक्ष ठेवायचं, आणि लक्ष ठेवण्याला मुदत घालायची. साल्मोनेलाची लक्षणं सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत येतात. कॅम्पिलोबॅक्टरची साधारण दोन ते पाच दिवसांत. आठवडा निर्वेध गेला, की निरोगी माणसाने बहुतेक प्रकरण मिटलं असं धरायला हरकत नाही. आणि जेवणानंतर अर्ध्या तासात पोटात गुडगुडलं, तर ‘चिकननेच केलं’ असं ठरवू नका. कावळा बसला आणि फांदी मोडली, यालाच आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कारण कालच्या पाणीपुरीतही असू शकतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं? शौचात रक्त, ३९ अंशांच्या वर ताप, पाणीसुद्धा पोटात न ठरणं, लघवी अगदी कमी होणं, उभं राहताच चक्कर, किंवा तीन दिवसांहून जास्त जुलाब. यातलं एक जरी दिसलं तरी लगेच. तोवर जुलाब होत असतील तर ओआरएसचं पाणी घोटघोट. त्याची ताकद कमी समजू नका. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी सरळ पाजायला लावलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं.

आता एक अवघड गोष्ट. समजा, स्वयंपाक आपण केला होता. पाहुणे जेवून गेले, आणि नंतर आपल्या लक्षात आलं. सांगायचं का? जीभ जड होते. लोक काय म्हणतील, उगाच घाबरतील, झालंच तर आपली पाककला निघेल. पण त्या पंगतीत कुणी गर्भवती असेल, कुणाचं लहान मूल असेल. त्यांना कळलं तर ते लक्ष ठेवतील आणि डॉक्टरांना नेमकं सांगतील. आपला संकोच आणि त्यांचं आरोग्य एका तराजूत घातलं तर पारडं कुठे झुकतं, हे सांगायला तत्त्वज्ञान लागत नाही. एक फोन करायचा. ‘तुकडा थोडा कच्चा राहिला असावा, आठवडाभर लक्ष ठेवा.’ बस. अन्न वाढणाऱ्याने खरं सांगणं हा आतिथ्याचाच भाग आहे.

एवढं सगळं करूनही मन विचारतं, ‘पण शंभर टक्के खात्री काय?’ ती कुणीही देऊ शकत नाही, डॉक्टरही नाहीत. न्यायसूत्रांच्या सोळा पदार्थांत संशय तिसरा आहे आणि निर्णय नववा. संशय ही विचाराची सुरुवात आहे, मुक्कामाची जागा नव्हे. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत संशयाला सीमा घातली: आपल्याच वागण्याशी विसंगत ठरेल तिथे संशय थांबतो. आपण रोज हॉटेलातलं पाणी पितो, कोथिंबीर नुसती झटकून घालतो, तिथे शंभर टक्के मागत नाही. मग याच घासापाशी का मागावं? तरीही दर जेवणाला हीच भीती येत असेल, पुन्हा पुन्हा तपासावं लागत असेल, खाणंच सुटत चाललं असेल, तर तो मांसाचा प्रश्न राहिला नाही. मनाच्या डॉक्टरांना भेटावं, त्यात कमीपणा काहीच नाही.

संशयाला खरा मान द्यायचा तो घास तोंडात जाण्याआधी, कारण तेव्हा तो कामाचा असतो. कच्चं चिकन नळाखाली धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जंतू सिंकभर उडतात. ज्या सुरीने ते कापलं तिनेच कोशिंबिरीची काकडी चिरू नये. काकडी काही शिजणार नाही. हात साबणाने धुवावेत. तंदुरी, कबाब वरचेवर होत असतील तर अन्नात खुपसायचा थर्मामीटर घ्यावा आणि तो सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसावा. आकडा दिसला की वाद मिटला.

इथे थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊ. खाण्यावरचे असोत की न्यायावरचे, दोन्ही चालतील.