अल्बममधले दागिने

शनिवारची टळटळीत दुपार आहे. कोथरूडला ताईच्या घरी सतरंजीवर लग्नाचा अल्बम उघडा पडलाय आणि माझी भाची अण्णांचं जुनं भिंग घेऊन त्यावर ओणवी झाली आहे.

"मावशी, बघ गं, साखरपुड्यातही तोडे दिसतायत हातात."

वहीत ती लिहिते : तोडे, एक जोड, आईकडून. ताई आतून सराफाची पावती आणून देते. पावती घड्यांवर विरली आहे, पण वजन अजून वाचता येतं. तिचाही मोबाइलवर फोटो निघतो.

लॉकर तिच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या नावावर आहे. कोण कधी आलं, याची नोंद बँकेत राहते. वकीलबाईंनी बजावलंय : आधी यादी करा, मग उघडपणे जा. स्त्रीधन हे बाईचं एकटीचं असतं, सासरी सांभाळायला दिलं म्हणून ते सासरचं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. पण कोणता दागिना कोणी घातला हे दाखवावं लागतं, म्हणून हा अल्बम.

दागिन्यांची यादी बाजूला ठेवून ती बँकेची स्टेटमेंट पुढ्यात ओढते, आणि माझ्या पोटात कालवतं. घराचा हप्ता त्याच्या खात्यातून जातो, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, स्वच्छ नोंदीसह. हिचा पगार मात्र किराणा, शाळेची फी, सासऱ्यांची औषधं यांत गेलाय. त्याचे पैसे भिंतींमध्ये दिसतात. हिचे खाऊन, वापरून संपले. आपल्याकडे लग्न झालं म्हणून घराचा अर्धा वाटा आपोआप मिळत नाही (गोव्यातला नागरी कायदा वेगळा). म्हणून ती पेन्सिलने एकेका नोंदीवर खूण करतेय. सुरुवातीचा भरणा करताना तिने मोडलेली एफडी सापडते, तेव्हा ती त्या ओळीखाली दोनदा रेघ मारते.

"कर्जावर माझीही सही आहे ना?"

आहे. आणि घटस्फोटाचा हुकूमनामा झाला तरी बँक सहकर्जदाराला सोडत नाही. कर्ज एकाच्या नावावर करून घ्यायला बँकेची लेखी संमती लागते. हे मी सांगते तेव्हा ती पेन्सिल खाली ठेवते. थोडा वेळ कुणीच बोलत नाही.

मग ताईच विचारते, "नवीन खातं उघडलंस?"

उघडलंय, दुसऱ्या बँकेत, एकटीच्या नावावर. जुन्या खात्याला मोबाइल नंबर त्याचा जोडलेला होता. इतकी वर्षं हिच्या पगाराचा मेसेज त्याच्या फोनवर वाजत होता आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही, याची मला आज लाज वाटते.

कपाटातली त्याची फाइल मात्र ती उघडत नाही. गरजही नाही. नोव्हेंबर 2020 मधल्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं प्रतिज्ञापत्रावर मांडावी लागतात. त्याने आपलं मांडावं, हिने आपलं. ही तयारी म्हणजे कपट नव्हे, असं मी तिला सकाळपासून तिसऱ्यांदा सांगतेय, कारण ती दर तासाला विचारते, "मी चुकत नाहीये ना गं?"

अल्बम पुन्हा उघडतो. सासूबाई तिच्या गळ्यात ठुशी घालतायत. फोटोत दोघीही हसतायत.

"ही यादीत?" ताई विचारते.

भाची बराच वेळ भिंग हलवत नाही. "ही त्यांच्या आईची, मुहूर्तापुरती घालायला दिली होती. मग माझ्याकडेच राहिली."

ती वहीचं पान उलटते, नव्या पानावर वर लिहिते 'परत द्यायचं', आणि खाली पहिली ओळ : ठुशी.