तीन ग्रॅमचा पाहुणा

अमेरिकेच्या न्यू जर्सी संस्थानांत, एडिसन गांवीं, आमच्या चिरंजीवांकडे गेल्या वर्षीं आम्ही उभयतां एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत राहिलों. तेथें म्हाताऱ्या माणसास उद्योग तो कोणता? शेजारीपाजारी सकाळींच मोटारींत बसून कामावर गेलेले, आणि भाजी आणावयास जावें तर बाजार तीन मैलांवर. अशा स्थितींत सूनबाईंनीं परसांत, स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर टांगलेली लाल बुडाची साखरपाण्याची बाटली हेंच आमचें वाचनालय झालें.

या बाटलीवर हमिंगबर्ड नांवाचा पक्षी येतो. आपल्याकडील जास्वंदीवर येणारा शिंजीर तो हाच, असें पुष्कळांस वाटतें. परंतु दोघांचें गोत्र एक नाहीं. हमिंगबर्डच्या साडेतीनशेंहून अधिक जाती आहेत व त्या सर्व अमेरिका खंडांतल्या. सबब त्यास जुना संस्कृत शब्द शोधण्यांत अर्थ नाहीं. तरी आम्ही दोन दिवस शोधला! न्यू जर्सींत घरटें बांधणारी जात एकच. तिच्यांतील नराच्या गळ्यावर ऊन पडलें कीं माणकासारखी झळाळी येते आणि मान वळली कीं तोच गळा काळा दिसतो. मादीचा गळा पांढरा. वजन सुमारें तीन ग्रॅम, म्हणजे पाव तोळा. पंख सेकंदास पन्नासदां हलतात, त्यामुळें पक्षी दिसतो पण पंख दिसत नाहींत. शिंजीर बहुधा फांदीवर बसून मध पितो. हा अधांतरीं उभा राहून पितो आणि तसाच मागच्या मागें उडत जातो.

याची जीभ टोंकाशीं दुभंगलेली असते. तींतून रस केशाकर्षणानें वर चढतो असें शंभरांवर वर्षें मानीत आले. परंतु २०११ सालीं कनेक्टिकट विद्यापीठांतील रिको-गेव्हारा व रुबेगा या संशोधकांनीं दाखविलें कीं, जिभेचीं टोंकें रसांत उलगडतात व बाहेर येतांना मिटून रस पकडतात. केशाकर्षण आम्ही वर्गांत काचेची नळी दाखवून शिकवीत असूं. त्याचें एक उदाहरण असें म्हातारपणीं गळालें.

साखरपाण्याची रीत सोपी आहे. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. रंग मुळींच नको, बाटलीचें लाल बूड पुरे. घरांत मध असतां पाहुण्यास साखरेचें पाणी द्यावें, हें आमच्या कुटुंबास रुचेना. सूनबाईंनीं समजाविलें कीं मधाचें पाणी लवकर आंबतें व त्यांत बुरशी धरते. गुळांतील लोह या पक्ष्यास सोसत नाहीं. उन्हाळ्यांत दर दोन दिवसांनीं बाटली धुवून पाणी बदलावें लागतें. हें काम आम्हीं मागून घेतलें.

आणि तेथेंच चुकलों. मेच्या आरंभीं आम्ही सर्व तीन दिवस नायगारा पाहावयास गेलों. निघतांना बाटली भरावयाची राहिली. परत आलों ती रात्र फार थंड होती. पहाटे पाहातों तों रिकाम्या बाटलीस एक मादी पायांनीं घट्ट धरून उलटी लोंबकळत होती. डोळे मिटलेले, हालचाल नाहीं. सात वर्षांच्या नातीनें विचारलें, "आजोबा, तुम्ही पाणी भरलं होतंत ना?" आम्हीं मुलांना आयुष्यभर प्रश्न विचारले; या प्रश्नास आम्हांजवळ उत्तर नव्हतें.

चिरंजीव म्हणाले, "तिला हात लावूं नका." थंडीच्या रात्रीं हा पक्षी शक्ति राखण्यासाठीं देहाचा अग्नि मंद करतो. एरवीं मिनिटास हजारावर जाणारे हृदयाचे ठोके पन्नासाच्या आसपास येतात, आणि अंग गार पडतें. आम्हीं गुपचुप दुसरी बाटली भरून जवळच्या फांदीस टांगली व खिडकीशीं उभे राहिलों. चहा निवून गेला. ऊन कुंपणावरून खालीं उतरलें, तसें तिचें अंग थरथरूं लागलें. अर्ध्या घटकेनें ती सुलटी झाली, उडाली, आणि थेट नव्या बाटलीवर गेली. हा पक्षी फुलांवर व बारीक किड्यांवरही जगतो, केवळ तुमच्या बाटलीवर नव्हे, असें चिरंजीव म्हणाले. तें खरेंच आहे. पण त्या दिवशीं त्यानें आमचें समाधान झालें नाहीं.

पुढें एक नर दोन्ही बाटल्यांचा मालक होऊन बसला. लिंबाएवढा जीव, परंतु दुसऱ्या कोणास जवळ येऊं देईना. शेवटीं एक बाटली घराच्या पलीकडच्या कोपऱ्यास, त्याच्या दृष्टीआड, नेली, तेव्हां इतरांचें निभावलें.

ऑगस्टअखेर तो नर दिसेनासा झाला. नर आधीं निघतात. मागाहून माद्या, आणि यंदाचीं पिलें वाटाड्यावांचून, एकेकटीं. निघण्यापूर्वीं अंगावर चरबी चढवून पुष्कळजण जवळजवळ दुप्पट वजनाचे होतात, आणि त्यांतले कित्येक मेक्सिकोचें आखात, आठशें किलोमीटरांवर पाणी, एका दमांत ओलांडतात. बाटली टांगलेली राहिली तर पक्षी थंडींत अडकून पडतील ही भीति निराधार आहे. म्हणून आम्हीं ती काढली नाहीं. २० सप्टेंबरला आम्ही निघालों तेव्हां एक पांढऱ्या गळ्याचें पाखरूं त्यावर पीत होतें. बाटलीचें काम नातीकडे सोंपविलें. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर कोणी आलें नाहीं, असें तिनें दूरध्वनीवरून कळविलें. तरी पुढें दोन आठवडे ती पाणी बदलीत होती.