इंजिन बंद पडलं म्हणजे खेळ खल्लास?

पुसेगावात काय किंवा सेनगाव तालुक्यात कुठेही, छोट्या विमानाच्या अपघाताचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: हवेत इंजिन बंद पडलं की खेळ खल्लास, विमान दगडासारखं खाली येतं.

हे खरं नाही. 25 जुलै 2022 ला एक शिकाऊ वैमानिक सेसना 152 विमान एकटीच चालवत होती. बारामती सुमारे 15 सागरी मैलांवर असताना इंजिनाची ताकद गेली आणि विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. ती किरकोळ जखमांवर वाचली. विमानाला उचलून धरतात ते पंख; इंजिन फक्त पुढे ओढतं. इंजिन थांबलं तरी नाक किंचित खाली ठेवून ताशी 110 किलोमीटरच्या आसपास वेग राखला, तर हे विमान 3000 फुटांवरून साधारण 8 किलोमीटर तरंगत जातं. जीव जातो तो बहुतेक वेळा वेग हातातून सुटल्यावर. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं आणि घाबरून धावपट्टीकडे मागे वळलं, तर पंखांवरचा हवेचा आधार तुटतो आणि सावरायला उंचीच उरलेली नसते. म्हणून समोर दिसेल त्या मोकळ्या वावरात उतरायचं, हेच शिकवलं जातं.

दुसरा समज: विमान जुनं होतं म्हणून पडलं. सेसना 152 चं उत्पादन 1985 मध्येच थांबलं, म्हणजे आज उडणारं असं प्रत्येक विमान जुनंच आहे. प्रश्न वयाचा नाही, निगराणीचा आहे. ऑइल बदलताना त्याचा फिल्टर कापून उघडतात आणि घड्यांमध्ये धातूचा चुरा दिसतो का ते बघतात. चुरा दिसला तर इंजिन आतून झिजतंय. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि त्यांना ठिणगीसाठी वीज पुरवणारे दोन मॅग्नेटो इंजिनाला असतात. उड्डाणाआधी मिनिटाला 1700 फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात. फेऱ्या 125 पेक्षा जास्त घसरल्या तर विमान जागेवरच थांबवायचं. इंजिन अचानक दगा देतं असं आपण म्हणतो खरं, पण त्याने आधी दिलेली खूण अनेकदा कुणीतरी बघायची राहून गेलेली असते. आणि हे मला सर्वांत जास्त खुपतं, कारण त्या विमानात नुकतं शिकायला लागलेलं पोर बसलेलं असतं. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामतीजवळ काही दिवसांच्या अंतराने रेडबर्ड या वैमानिक प्रशिक्षण संस्थेची दोन विमानं पडली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) देखभालीच्या कारणांवरून संस्थेचं प्रशिक्षणच थांबवलं. ते योग्यच झालं.

मात्र प्रत्येक बंद इंजिनामागे मेकॅनिकचीच चूक असते, असंही नाही. दमट हवेत, अगदी आपल्याकडच्या पावसाळी उकाड्यातही, कार्ब्युरेटरच्या आत बर्फ धरतो. पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान वीसेक अंशांनी उतरतं आणि हवेची वाट तुंबते. त्यावर गरम हवेची कळ असते, ती वैमानिकाने वेळेत ओढावी लागते.

राहिला तिसरा समज: अपघाताचं कारण ब्लॅक बॉक्समधून कळेल. अशा लहान विमानांत तो बहुधा नसतोच. विमान अपघात अन्वेषण ब्यूरोचे लोक येतात तेव्हा त्यांची मदार नोंदवह्या, टाकीतलं इंधन आणि अवशेषांवर असते. पंख्याची पाती कशी वाकली आहेत यावरून, जमिनीला टेकताना इंजिन जोरात फिरत होतं की थंड पडलं होतं, याचा अंदाज बांधता येतो. उद्या पुसेगावच्या शिवारात असं काही घडलंच, तर आधी माणसाला बाहेर काढायचं. पेट्रोल सांडलेलं असतं, तेव्हा जवळपास काडी पेटवू द्यायची नाही. पोलिसांना फोन करायचा आणि मग सुटलेला नटबोल्टसुद्धा पडला तिथेच राहू द्यायचा.