घोडनदीकाठची फौज

परकी छावणी, यजमान मुलूख : भाग 4

ओझरच्या विघ्नहराच्या शिखराला सोन्याचा मुलामा दिला तो चिमाजी अप्पांनी, वसई जिंकून आल्यावर. जुन्नर-आंबेगावच्या गावांत हे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. वसई पडली मे 1739 मध्ये. तिथल्या चर्चमधून आणलेली मानली जाणारी, 1729 साल कोरलेली घंटा भीमाशंकरच्या देवळापाशी आजही टांगलेली आहे. पोर्तुगीजांचा उत्तर कोकणातला सर्वांत मोठा लष्करी तळ मोडल्याच्या या खुणा आपल्या डोंगरभागात राहिल्या.

हा तळ पोर्तुगीजांना मिळाला कसा, ते आधी पाहू. 1534 साली हुमायूनच्या भीतीने गांजलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई त्यांच्या हाती दिली. एका शत्रूपासून वाचण्यासाठी दुसऱ्याला घरात घेतले, आणि तो 205 वर्षे हलला नाही. धर्मावर आलेली सक्ती आणि जमिनीवरची दडपणे सोसेनाशी झाली, तेव्हा अंजूरच्या गंगाजी नाईकांसारखी स्थानिक माणसेच पेशव्यांकडे दाद मागायला आली. पुण्याची फौज कोकणात उतरली ती त्या लोकमताच्या पाठबळावर.

यानंतर 63 वर्षांनी त्याच वसईत चिमाजी अप्पांच्या नातवांच्या पिढीतल्या पेशव्याने बहादूरशहाची चूक जशीच्या तशी केली. 25 ऑक्टोबर 1802 रोजी यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळून इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि 31 डिसेंबरला त्याने वसईचा तह केला. किमान 6000 पायदळाची इंग्रजी तैनाती फौज त्याने आपल्या राज्यात कायमची ठेवून घेतली. तिच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाख रुपये वसुलाचा मुलूख तोडून दिला. परराष्ट्रांशी बोलणी इंग्रजांच्या संमतीशिवाय करायची नाहीत, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना चाकरीत ठेवायचे नाही, ही कलमेही मान्य केली. मे 1803 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेच्या आधाराने तो पुन्हा पुण्याच्या गादीवर बसला.

ओझरवरून वाहणारी कुकडी पुढे घोडनदीला मिळते. याच घोडनदीच्या काठी, शिरूरला, त्या तैनाती फौजेची छावणी पडली. जागा नीट पारखून निवडलेली होती. पुणे-नगर रस्ता हाताशी, ऑगस्ट 1803 मध्ये घेतलेला नगरचा किल्ला एका बाजूला, पेशव्यांची राजधानी दुसऱ्या बाजूला. निजामाच्या सरहद्दीवरही इथून नजर ठेवता येई. 1803 ते 1817 ही 14 वर्षे शिरूर कागदोपत्री पेशव्यांच्या मुलखात होते आणि फौज मात्र परक्यांची होती. आज जगात ज्याला परकी लष्करी तळ म्हणतात, त्याचा आपल्या जिल्ह्यातला हा अस्सल नमुना. गेल्या तीन भागांत दूरच्या देशांबद्दल बोललो, म्हणून या आठवड्यात घरचे उदाहरण घेतो.

छावणी आली की बाजार येतो. रोज हजारो माणसांना धान्य, घोड्यांना दाणा-वैरण, ओझ्याला बैल, अंगाला कापड लागते. मोदी, वाणी, सराफ, न्हावी, धोबी, चांभार सगळ्यांना काम मिळते. शिपायाचा पगार रोख आणि बराचसा नियमाने होई. देशी सरदारांच्या फौजांत महिनोन् महिने पगार थकत असताना ही गोष्ट लहान नव्हती. घोडनदीची बाजारपेठ छावणीच्या आधाराने वाढली, हे मान्य करायलाच हवे. तळामुळे कुणाचेच भले होत नाही, असे म्हणणारा माणूस बाजार न पाहता बोलतो.

पण हे पैसे कुणाचे होते? छावणीचा खर्च भागत होता तोडून दिलेल्या मुलखाच्या वसुलातून. सुरुवातीला गुजरात-कर्नाटकातला मुलूख गेला, पुढे त्यातल्या काहीच्या बदल्यात बुंदेलखंडातला दिला. म्हणजे तिथल्या कुणब्याने भरलेला सारा शिरूरच्या बाजारात पगार होऊन खुळखुळत होता. वर तहात असेही होते की या फौजेसाठी लागणारे धान्य, कापड, जनावरे यांवर जकात घ्यायची नाही. राज्यातला सर्वांत मोठा रोखीचा गिऱ्हाईक नाक्यावरून एक पैसाही न भरता जाणार! त्यात 1803-04 चा भयंकर दुष्काळ आला. धान्य वाहून आणणाऱ्या वंजारी तांड्यांवर फौजांचीही भिस्त होती. टंचाईच्या बाजारात रोख मोजणारी फौज उभी राहिली की गरिबाच्या पदरात काय पडते, हे वेगळे सांगायला नको.

आजच्या जगात प्रत्येक तळाचा हिशेब असाच नसतो. जिबूतीसारख्या छोट्या देशाला अमेरिका तिथल्या तळासाठी वर्षाला सुमारे 6 कोटी 30 लाख डॉलर भाडे देते. तो पैसा खरोखर बाहेरून येतो. म्हणून तळाबद्दल वाद सुरू झाला की पहिला प्रश्न हाच विचारावा : पैसा बाहेरचा आहे, की आपलाच फिरून आला आहे?

माझ्या मते शिरूरच्या छावणीने केलेले खरे नुकसान पैशात मोजता येत नाही. तैनाती फौज पाठीशी आल्यावर बाजीरावाला प्रजेची आणि सरदारांची भीती राहिली नाही. परगण्यांची वसुली तो जास्त बोली लावणाऱ्याला इजाऱ्याने देऊ लागला. इजारदाराला गाव जगवायचे नव्हते, मुदतीत पैसे काढायचे होते. रयत उठली तर? सरदार बिघडले तर? पूर्वी हा धाक राज्यकर्त्याला आवरत असे. आता दंगा मोडायला छावणी होती. 1812 मध्ये दक्षिणेतल्या जहागीरदारांशी पेशव्यांचा तंटा मिटवला तोही पुण्यातला इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने, फौज हाताशी ठेवून. राजा आणि सरदार यांच्यामधला पंच परका झाला. विशेष म्हणजे हे दुखणे खुद्द एका इंग्रजाने ओळखले होते. थॉमस मन्‍रोने ऑगस्ट 1817 मध्ये गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला लिहिले की तैनाती फौज जिथे जाते तिथले सरकार दुबळे आणि जुलमी होते, आणि सगळी प्रजा दरिद्री होत जाते. लिहिणारा कंपनीचा सेनाधिकारी होता, म्हणून या साक्षीचे वजन मोठे आहे.

लोकमत मात्र एकसुरी नव्हते. 1817 च्या शरद ऋतूत बाजीरावाने इंग्रजी पलटणीतले शिपाई फोडण्याचा प्रयत्न केला. त्यांच्यातल्या अनेकांची घरे कोकणात, पेशव्यांच्या मुलखात होती. तरी शिपाई मोठ्या संख्येने फुटले नाहीत. 13 जून 1817 च्या तहानंतर पेशव्यांच्याच खर्चाने शिरूरला नवे घोडदळ उभे राहिले, तेच पुढचे पूना हॉर्स. 31 डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघालेली सुमारे 800 जणांची तुकडी दुसऱ्या दिवशी भीमा कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी दिवसभर लढली. तिथल्या स्तंभावरच्या मृतांच्या 49 नावांत 22 महार शिपायांची आहेत. ज्या राज्यात त्यांच्यावर अस्पृश्यतेची निर्दय बंधने होती, त्या राज्यासाठी त्यांनी छावणीची भाकरी का नाकारावी? 1 जानेवारी 1927 ला डॉ. आंबेडकर तिथे गेले ते या पराक्रमाची आठवण ठेवूनच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी महारांची भरती बंद केली, तेव्हा अनेक घरांचा आधार एका हुकमाने तुटला. यजमान समाज ज्यांना बाहेर ठेवतो, ते तळाच्या दारात जातात. आणि तळ त्यांना गरजेपुरतेच आत घेतो.

याच शिरूरमध्ये 1809 साली वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आहे. 1885 च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की आसपासचे गावकरी त्याला सत्पुरुष मानत आणि सुगीत नव्या धान्याचा नैवेद्य कबरीला दाखवत. वसईकरांच्या संतापाइतकेच हेही लोकमत आहे. दोन्ही एकाच कागदावर मांडल्याशिवाय तळाचा अभ्यास पुरा होत नाही.

बाहेर पाहिले तर हीच गुंतागुंत दिसते. 1972 मध्ये ओकिनावा जपानकडे परतला तेव्हा त्याच्या उत्पन्नात अमेरिकी तळांचा वाटा सुमारे 15 टक्के होता, आता तो 5 टक्क्यांच्या आसपास आहे. पोट तळावर अवलंबून राहिले नाही तसा आवाजही मोकळा झाला. फेब्रुवारी 2019 च्या सार्वमतात 72 टक्के मतदारांनी नव्या तळाच्या भरावाला विरोध केला. फिलिपिन्सच्या सिनेटने 1991 मध्ये 12 विरुद्ध 11 मतांनी तळांचा करार फेटाळला. सुबिक बंदराची आता मुक्त व्यापार वसाहत झाली आहे. ओकिनावाची सविस्तर हकिकत पुढच्या आठवड्यात.

जाता जाता शिरूर, जुन्नर, आंबेगावातल्या वाचकांना एक विनंती. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर मोडीतली दप्तरे पडून आहेत : जकातीच्या नोंदी, मोदीखान्याची उधारी, घोड्यांची खरेदी. छावणीने आपल्या गावांचे काय केले, ते त्यांतून कळेल. ती रद्दीत घालू नका. पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात एकदा दाखवा.