चुकून आलेला जादा माल कोणाचा?

समजा, मंचरच्या बाजारपेठेतील एका किराणा दुकानात सकाळी पुण्याहून टेम्पो आला. मागणी तेलाच्या २० डब्यांची होती आणि बिलही २० डब्यांचेच होते. हमालांनी माल उतरवला, चलनावर सही-शिक्का झाला आणि चालक घाईने घोडेगावच्या रस्त्याला लागला. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर मोजदाद झाली, तेव्हा डबे २२ भरले.

दुकानातला तरुण मुलगा म्हणाला, "पप्पा, आपण काही जास्त मागितले नव्हते. चूक त्यांची आहे."

गल्ल्यावर बसलेल्या वडिलांनी शांतपणे विचारले, "आणि दोन डबे कमी आले असते तर?"

"तर लगेच फोन केला असता."

हा प्रसंग कल्पित असला तरी त्यातील संवाद व्यापारी घरांना अपरिचित नाही. घरगुती खरेदीतही तोच प्रश्न उभा राहतो. नारायणगावातील एखाद्या कुटुंबाने मोबाईलवरून एक मिक्सर मागवावा आणि खोक्यात दोन निघावेत. पैसे मात्र एकाचेच गेलेले असावेत. अशा वेळी दुसरा मिक्सर कोणाचा? "ग्राहक राजा आहे, आलेली वस्तू त्याची" असे सांगणारे संदेश मोबाईलवर फिरत असतात. ते ऐकायला गोड वाटतात, पण भारतीय कायद्याचा त्यांना आधार नाही.

कायदा काय सांगतो?

या विषयाचा पाया आजचा नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम ७२ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की, ज्याला चुकीने पैसे दिले गेले किंवा वस्तू पोचवली गेली, त्याने ते पैसे अथवा ती वस्तू परत केली पाहिजे. येथे दोघांमध्ये करार झालेला नसतो. तरीही कायदा कराराप्रमाणेच बंधन मानतो. दुसऱ्याच्या चुकीवर कोणी श्रीमंत होऊ नये, एवढेच त्यामागचे तत्त्व. सर्वोच्च न्यायालयाने बनारसच्या कन्हैयालाल मुकुंदलाल सराफ या पेढीच्या विक्रीकर प्रकरणात १९५८ साली या कलमाचा अर्थ आणखी व्यापक केला. चूक वस्तुस्थितीची असो वा कायद्याच्या समजुतीची, परतफेडीचे बंधन राहते, असे न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यात परत मागणारी व्यापारी पेढी होती आणि परत देणारे सरकार होते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

माल विक्री अधिनियम, १९३० याचे कलम ३७ तर थेट याच प्रश्नासाठी आहे. ठरल्यापेक्षा जास्त माल आला तर खरेदीदारापुढे तीन मार्ग असतात. ठरलेला माल ठेवून जादा माल नाकारता येतो. सगळाच माल नाकारता येतो. किंवा सगळा माल स्वीकारता येतो, पण मग जादा मालाचे पैसेही ठरलेल्या दराने द्यावे लागतात. जादा माल फुकट ठेवण्याचा चौथा मार्ग त्या कलमात नाही. व्यापारातील रूढी, आपसांतील ठराव आणि नेहमीचा व्यवहार यांना मात्र हे कलम मान देते.

अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट कलम ४२ मध्ये आहे. माल नाकारल्याचे वाजवी मुदतीत न कळवता तो तसाच ठेवून घेतला, किंवा तो आपलाच असल्यासारखा वापरला अथवा विकला, तर माल स्वीकारला असे कायदा समजतो. म्हणजे जादा आलेले दोन डबे गुपचूप विकले, तर ते फुकट मिळालेले नसतात. ते उधारीवर घेतलेले असतात. उद्या पेढीच्या साठ्याचा मेळ लागला नाही आणि चौकशी निघाली, तर पैसे देणे भाग पडेल आणि त्याबरोबर नावही जाईल.

ग्राहकाचे हक्क कोणते?

कायदा ग्राहकावर बंधन घालतो, तसा तो त्याचे रक्षणही करतो. चूक विक्रेत्याची असल्याने तिचा भुर्दंड ग्राहकावर पडू नये, हे सूत्र आहे. कलम ४३ नुसार योग्य कारणाने नाकारलेला माल परत नेऊन देण्याचे बंधन खरेदीदारावर नसते. आपण माल नाकारतो आहोत असे कळवणे पुरेसे असते. म्हणून नारायणगावच्या त्या कुटुंबाने दुसरा मिक्सर पुण्याला स्वखर्चाने पाठवण्याची गरज नाही. कंपनीने आपल्या खर्चाने आणि कुटुंबाच्या सोयीच्या वेळी तो घेऊन जावा. तोवर आपल्या वस्तूची घेतो तेवढी साधारण काळजी मात्र घ्यावी. खोके अंगणात पावसात भिजू देणे योग्य नाही.

ग्राहकाने प्रामाणिकपणे कळवूनही विक्रेत्याने परस्पर पैसे कापले, मूळ वस्तूचा परतावा अडवला किंवा नेण्याचा खर्च मागितला, तर दाद मागता येते. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या नियमांनुसार अशा कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमला पाहिजे, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत दिली पाहिजे आणि एका महिन्यात तिचे निवारण केले पाहिजे. तेथे काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील ग्राहकाला विक्रेत्याच्या गावी, दिल्लीला किंवा बंगळूरला, जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्याचा आयोग त्याच्यासाठी आहे. तक्रार ऑनलाईन दाखल होते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि मुदत २ वर्षांची आहे.

येथे दुकानदारांनी एक भेद ध्यानात घ्यावा. पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा व्यापारी या कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही. घरासाठी मिक्सर घेतला तर ग्राहक आयोग. दुकानासाठी तेलाचे डबे घेतले तर करार व माल विक्रीचे कायदे आणि दिवाणी न्यायालय.

न मागता पाठवलेली वस्तू

आलेली वस्तू आपलीच, ही समजूत बहुधा परदेशातून आली असावी. अमेरिकेत १९७० साली आणि ब्रिटनमध्ये १९७१ साली असे कायदे झाले की, व्यापाऱ्याने मुद्दाम, न मागता वस्तू घरी पाठवून नंतर बिल धाडले, तर घेणाऱ्यावर पैशाचे बंधन येऊ नये. लोकांच्या गळ्यात माल मारण्याच्या धंद्याला आवर घालण्यासाठी ते कायदे होते. मोजणीत झालेली प्रामाणिक चूक ही वेगळी बाब आहे.

आपल्याकडेही मुद्दाम केलेल्या लबाडीला आळा घातला गेला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ फसव्या पद्धती दिल्या आहेत. ऑनलाईन पैसे भरताना ग्राहकाच्या संमतीवाचून यादीत एखादी वस्तू, विमा किंवा देणगी घुसवणे ही त्यांपैकी एक. अशा वेळी ग्राहकाने पैसे परत मागावेत आणि तक्रारही करावी. लबाडी आणि चूक यांना एकच न्याय लावता येत नाही.

पैशाचे उदाहरण

बँकेच्या व्यवहारात हाच नियम अधिक स्पष्ट दिसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये युको बँकेच्या तत्काळ पैसे पाठवण्याच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि सुमारे ८२० कोटी रुपये चुकीने अनेक खात्यांत जमा झाले. बँकेने खाती गोठवून थोड्याच दिवसांत सुमारे ६४९ कोटी रुपये परत मिळवले. काही खातेदारांनी मात्र ती रक्कम काढून घेतली. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदवला आणि राजस्थान व महाराष्ट्रात झडत्या घेतल्या. पैसे खात्यात येण्यात खातेदाराचा दोष नव्हता. दोष सुरू झाला तो पैसे आपले नाहीत हे कळल्यानंतर.

फौजदारी कायद्याचीही हीच रेषा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ नुसार दुसऱ्याची जंगम मालमत्ता अप्रामाणिकपणे आपलीशी करणे हा गुन्हा असून त्याला किमान सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. प्रत्येक विलंब गुन्हा ठरत नाही. अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो. परंतु समोरचा फोन करून विचारतो आणि आपण "आलेच नाही" म्हणतो, तेव्हा तो हेतू आपणच आपल्या तोंडाने सांगत असतो.

खतावणीत काय लिहावे?

दुकानदारासाठी हा प्रश्न हिशेबाचाही आहे. ज्या मालाचे बिल नाही, तो माल दुकानात असणे जीएसटीच्या दृष्टीने अडचणीचे असते. साठ्याची खरी नोंद ठेवणे बंधनकारक आहे आणि बिलावाचून कर वजावट मिळत नाही. म्हणून दोनच सरळ वाटा आहेत. माल ठेवायचा तर पेढीकडून त्याचे रीतसर बिल मागवावे. परत करायचा तर चलनावर परत करावा. निर्णय होईपर्यंत तो वेगळा ठेवून अनामत म्हणून नोंदवावा.

कळवताना तोंडी निरोपावर विसंबू नये. मोबाईलवर एवढा मजकूर पुरतो : "आपल्या अमुक तारखेच्या अमुक क्रमांकाच्या बिलाप्रमाणे २० डबे मागवले होते. प्रत्यक्षात २२ उतरले. जादा २ डबे आपली अनामत म्हणून वेगळे ठेवले आहेत. ते आपल्या खर्चाने न्यावेत किंवा बिल पाठवावे." सोबत मालाचे छायाचित्र जोडावे. टोमॅटो, भाजी, मिठाई असा नाशवंत माल असेल तर क्षणाचाही उशीर नको. मालकाच्या संमतीने तो विकून रक्कम त्याच्या खात्यावर जमा करणे दोघांच्याही हिताचे. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात दोन दिवस पडून राहिलेल्या क्रेटची किंमत काय उरते, हे त्या परिसरात कोणाला सांगावे लागत नाही.

आणि चूक आपल्या दुकानाकडून झाली असेल तर? तेव्हा ग्राहकाला चोर ठरवण्याच्या सुरात बोलू नये. बिल दाखवावे, माणूस पाठवून माल आणावा आणि कळवणाऱ्याचे आभार मानावेत. त्याच्या नावावरील जमेतून परस्पर रक्कम वळती करू नये. अजाणतेपणी वस्तू वापरली गेली असेल, तर समजुतीने किंमत ठरवावी.

अदत्त

जैन श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे नावच अदत्तादान-विरमण आहे. जे दिलेले नाही ते न घेणे. चुकून आलेली वस्तू हाती पोचलेली असते, परंतु ती दिलेली नसते, कारण देणाऱ्याच्या मनात देण्याचा भावच नव्हता. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात या व्रताचा विचार करताना दुसऱ्याची ठेवलेली, पडलेली किंवा विसरलेली वस्तूही वर्ज्य सांगितली आहे. इतकेच नव्हे, तर ती स्वतः घेऊ नये आणि उचलून दुसऱ्याला देऊही नये, असा त्याचा आशय आहे. "आपण नको वापरू या, पांजरपोळाला देऊन टाकू" हा विचार मनाला बरा वाटतो. पण जे आपले नाही त्याचे दान होत नाही. मूळ मालकाला विचारावे. त्याने संमती दिली तर ते दान त्याच्या नावाने व्हावे.

जुन्नर परिसराला हा विचार नवा नाही. नाणेघाटातून कोकणचा माल चढत होता त्या काळातील जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख व्यापारी श्रेणींची आठवण देतात. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे दान दिल्याची नोंद तेथे आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची ठेव ठेवल्याचीही आहे. दुसऱ्याचे धन आपल्याजवळ असले, तर ती ठेव असते, या विश्वासावर ती बाजारपेठ उभी होती.

मंचरच्या त्या दुकानात आलेले दोन डबेही ठेवच आहेत. कदाचित ते घोडेगावच्या दुकानाचे असतील आणि तेथे संध्याकाळी २ डबे कमी भरले असतील. तेथला दुकानदार पेढीवर रागावेल, पेढी चालकावर, चालक हमालावर, आणि शेवटी कोणाच्या तरी मजुरीतून ती किंमत वळती होईल. संवत्सरीला त्याच पेढीला "मिच्छामि दुक्कडम्" म्हणताना गोदामातल्या त्या डब्यांची आठवण होऊ नये असे वाटत असेल, तर कसोटी वडिलांनी मुलाला घातली तीच आहे. माल कमी आला असता तर जितक्या तातडीने फोन केला असता, तितक्याच तातडीने तो जास्त आल्यावरही करावा.