घोड्याची किंमत काढा

दत्तजयंतीला सारंगखेड्यात घोडेबाजार भरतो. त्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या खापरच्या मुलांना समीकरण शिकवायचं, तर घोड्यांचंच गणित घ्यावं. ते तयारच आहे, भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त, बाराव्या शतकातलं.

एकाकडे ६ घोडे आणि रोख ३००. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० कर्ज. घोडे सगळे एकाच किमतीचे आणि दोघांची मालमत्ता सारखी. मग एका घोड्याची किंमत किती?

किंमत ‘य’ धरू.

६य + ३०० = १०य − १००

आता घाई नको. दोन्हीकडून ६य काढले: ३०० = ४य − १००. दोन्हीकडे १०० मिळवले: ४०० = ४य. म्हणून य = १००. ताळा करून बघाच: ६०० + ३०० = ९००, आणि १००० − १०० हेही ९००.

‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ एवढंच पाठ केलं की मुलं अडखळतात. दुसऱ्याचं कर्ज फेडायला १०० दिले, तर बरोबरी टिकवायला पहिल्यालाही १०० द्यावे लागतात. चिन्ह बदलतं ते म्हणून. हे एकदा उमगलं की पाठांतराची गरजच उरत नाही.

भास्कराचार्य अज्ञात राशीसाठी ‘या’ लिहीत आणि ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवाने खानदेशातच, चाळीसगावजवळच्या पाटण्यात, मठ काढला. त्याची नोंद तिथल्या १२०७ च्या शिलालेखात आहे.