चार वेळा देश बदललेला आल्सास

सीबीएसईच्या बारावीच्या इंग्रजी पुस्तकात अल्फाँस दोदे यांचा ‘द लास्ट लेसन’ हा धडा आहे. प्रशिया जिंकतो, आल्सासमधल्या शाळेत फ्रेंचचा तास शेवटचा ठरतो आणि वाचणाऱ्याचा गळा दाटून येतो. धड्यात न आलेली गोष्ट अशी, की आल्सासच्या बहुतेक घरांत तेव्हा फ्रेंच नव्हे, जर्मन वळणाची बोली बोलली जायची. ऱ्हाईनकाठच्या या प्रांताची कहाणी एकाच राष्ट्राच्या तोंडून ऐकली, तर ती अर्धीच कळते.

१८७१ साली जर्मनी, १९१८ला फ्रान्स, १९४०ला हिटलर, १९४५पर्यंत पुन्हा फ्रान्स. पाऊणशे वर्षांत चार वेळा सत्ता फिरली. गाव न सोडताही माणसाचा देश बदलत राहिला.

त्याच्या खुणा आजही रोजच्या व्यवहारात आहेत. फ्रान्सने १९०५ साली धर्म आणि शासन यांची फारकत केली, तेव्हा आल्सास जर्मनीत होता. म्हणून तो कायदा तिथे आजही लागू नाही. कॅथलिक पाद्री, प्रोटेस्टंट पास्टर आणि ज्यू रब्बी यांचे पगार सरकारी तिजोरीतून होतात. बाकीच्या फ्रान्समध्ये आगगाड्या डावीकडून धावतात, इथे उजवीकडून. रूळ जर्मन अमलातले.

स्ट्रासबर्गच्या रिपब्लिक चौकात १९३६चं युद्धस्मारक आहे. एक आई आणि तिच्या कुशीत मरणारे दोन मुलगे. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही, कारण कोणता घालणार, जर्मन की फ्रेंच? खाली ‘आमच्या मृतांना’ एवढंच लिहिलंय. ‘फ्रान्ससाठी’ हा नेहमीचा शब्द नाही. इतकं प्रामाणिक युद्धस्मारक मला दुसरं माहीत नाही.

पण खरा घाव नंतरचा. ऑगस्ट १९४२पासून नाझींनी आल्सास आणि शेजारच्या मोझेलमधल्या सुमारे १ लाख ३० हजार जणांना बळजबरीने जर्मन फौजेत ओढलं. पळून गेलेल्यांच्या घरच्यांना हद्दपारी. बहुतेकांना रशियन आघाडीवर धाडलं. हजारो परतलेच नाहीत. काहींना एसएस या नाझी दलात घातलं, आणि त्यातले काही जण जून १९४४मध्ये फ्रान्सच्याच ओरादूर गावात सहाशेहून अधिक माणसं मारणाऱ्या तुकडीत होते. १९५३च्या बोर्दो खटल्यात अशा तेरा जणांना शिक्षा झाली. आल्सास पेटून उठला, आणि फ्रेंच संसदेने आठवड्याभरात त्यांना माफी दिली. ओरादूरने सरकारकडून मिळालेली सन्मानपदकं परत केली.